कोठे राहावे? : आपल्या वसतीचा एक मागोवा

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत जिनालयाच्या उभारणीचा वृत्तांत आणि पन्नास वर्षांतील कार्याचा आढावा वाचकांस अन्यत्र वाचावयास मिळेलच. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून थोडा मागचा आहे. डोंबिवलीत जिनालय उभे राहिले, कारण त्याआधी येथे श्रावक राहावयास आले होते. मग ते येथेच का आले? कोल्हापूर-सांगलीकडील गाव सोडून मुंबईस आलेल्या आणि गिरगाव-भुलेश्वरच्या खोल्यांत दाटीवाटीने राहिलेल्या कुटुंबांनी मुलाबाळांसह कायमचे राहण्यासाठी हे उपनगर कोणत्या विचाराने निवडले? आज आपली मुले-नातवंडे पुणे, बंगळूर येथे किंवा परदेशी घर शोधत असताना या प्रश्नाचे उत्तर नोंदवून ठेवणे अगत्याचे वाटते.

प्रथम शास्त्राकडे वळू. गृहस्थाने कोठे राहावे, हा प्रश्न आपल्या आचार्यांनी क्षुल्लक मानलेला नाही. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात गृहस्थाच्या गुणांची गणना करताना घराचाही विचार केला आहे. घर अगदी उघड्यावर नसावे आणि फार आडबाजूलाही नसावे, त्यास अनेक दारे नसावीत, शेजार चांगला असावा आणि उपद्रवग्रस्त स्थान सोडून द्यावे, असा त्यांचा अभिप्राय आहे. तेराव्या शतकातील पंडित आशाधर यांनी सागारधर्मामृतात श्रावकाच्या गुणांमध्ये त्याला अनुरूप अशा स्थानाचा व घराचा समावेश केला आहे. घराचा हा विचार धर्मशास्त्राच्या ग्रंथात, तोही न्यायाने मिळविलेल्या धनाबरोबर आणि लज्जागुणाबरोबर यावा, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

आशाधरांचे हे म्हणणे अनुभवाचे होते. त्यांचे मूळ गाव मांडलगड. शहाबुद्दीन घोरीच्या स्वारीनंतर आपला प्रदेश सोडून ते माळव्यात धारानगरीस आले. धारा ही राजधानी, विद्येचे माहेरघर. तेथे त्यांचे अध्ययन झाले. परंतु पुढे ते राजधानीत न राहता जवळच्या नलकच्छपूर म्हणजे आजच्या नालछा या गावी जाऊन राहिले. तेथे श्रावकांची मोठी वस्ती होती आणि धर्मकार्यास अवकाश होता, हे त्यामागील कारण. तेथील नेमिनाथ चैत्यालयात त्यांची ग्रंथरचना झाली. स्थलांतर करावे लागणे हे त्यांच्या हाती नव्हते. कोठे स्थिर व्हावयाचे, हे मात्र त्यांनी विचारपूर्वक ठरविले. राजधानीचा लाभ घेऊन वास्तव्य तिच्या आसपासच्या गावी करावे, ही कल्पना लोकलगाडीपेक्षा सहा-सात शतके जुनी आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आता मुंबईकडे येऊ. मुंबईतील जैनांची जुनी वस्ती व्यापारपेठेला लागून होती. पायधुनीचे गोडीजी पार्श्वनाथ मंदिर १८१२ सालचे. दुकान, घर व मंदिर ही तिन्ही पायी चालण्याच्या अंतरात असत. दिगंबर समाजाच्या दृष्टीने दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी (१८५१-१९१४) यांचे कार्य मोलाचे ठरले. सी. पी. टँकजवळील हिराबाग धर्मशाळा आणि ताडदेवचे हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग यांमुळे परगावाहून आलेल्या माणसास आणि विद्यार्थ्यास मुंबईत पहिला आसरा मिळाला. दक्षिणेकडे १८९९ साली स्तवनिधी येथे स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेनेही हीच दिशा धरली. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले, हे आपण सर्व जाणतोच. नव्या शहरी जाणाऱ्यास आधी निवारा, शुद्ध भोजन आणि आपुलकीची माणसे मिळाली पाहिजेत, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते.

बोर्डिंग विद्यार्थ्याचे, कुटुंबाचे काय? १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीची, अंधारी, कोंदट वस्ती जीवघेणी ठरते, हे त्याने दाखवून दिले. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढे दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती उभ्या राहिल्या. उपद्रवग्रस्त स्थान सोडावे हा आचार्यांचा उपदेश मुंबईकरांनी असा सक्तीने आचरिला. १९२५ साली व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली आणि काही वर्षांत कल्याणपर्यंतचा मार्ग विजेवर आला. गाव दूर असले तरी कचेरी जवळ असू शकते, ही सोय त्यातून निर्माण झाली.

तरीही खरा रेटा दिला तो भाड्याच्या प्रश्नाने. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने शहरातील भाडी १९४० सालच्या पातळीवर गोठविली. जुन्या भाडेकरूस संरक्षण मिळाले, पण नव्याने आलेल्यास पागडीवाचून खोली मिळेना. पुढे १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आणि १९६३ चा मालकी सदनिकांचा कायदा आला. नोकरदार माणसास भविष्य निर्वाह निधीतील रक्कम व थोडे कर्ज यांच्या आधाराने दोन खोल्यांचे घर स्वतःच्या नावावर करणे शक्य झाले. मात्र ते शहरात नव्हे, तर ठाण्यापलीकडे. व्हीटीपासून सुमारे ४८ किलोमीटरवरील डोंबिवली अशा कुटुंबांनी भरू लागली. साठच्या दशकात येथे औद्योगिक वसाहत आली. १९८३ साली कल्याण महानगरपालिका स्थापन होऊन डोंबिवली तिच्यात समाविष्ट झाली.

येथे थोडे घरचे सांगतो. माझे वडील शिरोळ तालुक्यातील. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. फोर्टमधील एका कचेरीत ते नोकरीस होते. गिरगावातील चाळीत एका खोलीत आम्ही सहा माणसे राहत होतो. सत्तरच्या दशकाच्या आरंभी दुसरे घर पाहण्याचे ठरले, तेव्हा अण्णांनी एक शिस्त पाळली. रविवारी घर पाहून ते कधीच निर्णय घेत नसत. एकदा कामाच्या दिवशी कचेरी सुटल्यावर गर्दीच्या गाडीने जावयाचे आणि एकदा भर पावसाळ्यात जावयाचे, हा त्यांचा नियम. एका उपनगरातील स्वस्त घर त्यांनी या नियमामुळेच सोडले. जिन्यापाशी गुडघाभर पाणी साचलेले त्यांना दिसले होते.

डोंबिवलीचे घर पाहावयास आई बरोबर आली होती. घरमालक खिडक्या, गॅलरी, उजेड यांचे वर्णन करीत होता. आई अण्णांना हळूच म्हणाली, “अहो, पाणी किती वाजता येतं आणि विहीर आहे का, ते आधी विचारा.” पाणी गाळून घ्यावयाचे, तर ते निवांतपणे भरता आले पाहिजे आणि जिवाणी पुन्हा विहिरीत पोहोचविता आली पाहिजे, हा तिचा हिशेब. त्या इमारतीच्या मागे विहीर होती. व्यवहार ठरण्यात त्या विहिरीचा वाटा मोठा होता.

दुसरा प्रश्न सूर्यास्ताचा. मुंबईत आषाढात सूर्य सव्वासातनंतर मावळतो. पण कार्तिक-मार्गशीर्षात सहाच्या सुमारासच अंधारू लागते. कचेरी साडेपाचला सुटणार, धीम्या गाडीस सव्वा तास लागणार. म्हणजे डोंबिवलीत घर घ्यावयाचे, तर वर्षाचे कित्येक महिने सायंकाळचे जेवण घरी होणे नाही. रात्रिभोजनत्याग करणाऱ्या माणसाला घराचे अंतर मैलांत मोजून भागत नाही, ते घटकांत मोजावे लागते. अण्णांनी पुष्कळ विचार केला. शेवटी आईने दोन डबे देण्याचे मान्य केले. दुसरा डबा ते कचेरीतच दिवस मावळण्यापूर्वी खात. निवृत्त होईपर्यंत हा क्रम चालला. मुलांना उजेडाचे घर आणि चालत जाण्याजोगी मराठी शाळा मिळाली. त्याबदल्यात वडिलांबरोबर सायंकाळी जेवावयास बसणे आम्हास रविवारीच लाभले. ही किंमत अण्णांनी कधी बोलून दाखविली नाही. म्हणून ती येथे लिहिली पाहिजे.

तिसरा प्रश्न जिनदर्शनाचा. त्या वेळी येथे आपले जिनालय नव्हते. देवपूजा, गुरूपासना, स्वाध्याय, संयम, तप आणि दान या षट्कर्मांपैकी पहिल्याच कर्माची अडचण. परंतु पाच-सहा घरे एकमेकांपासून दहा मिनिटांच्या अंतरावर होती आणि त्यांपैकी एका घरी लहानसे चैत्यालय होते. तेथे सकाळी दर्शन, पर्युषणात स्वाध्याय आणि महिन्याकाठी वर्गणीची वही. या वहीतूनच पुढे आपला ट्रस्ट जन्मास आला. मंदिर पाहून घरे घेतली गेली नाहीत. घरे जवळजवळ घेतली गेली, म्हणून मंदिर झाले. पायी विहार करणाऱ्या मुनिसंघास आहाराची सोय हवी, तर श्रावकांची घरे चालण्याच्या अंतरात हवीत, हे त्या मंडळींच्या मनात पक्के होते.

निवड सर्वस्वी अचूक होती असे मात्र म्हणता येणार नाही. कारखान्यांची वसाहत जवळ आल्याने रोजगार आला, तशी घरांना धोक्याचीही शेजारीण मिळाली. मे २०१६ आणि मे २०२४ मधील औद्योगिक वसाहतीतील स्फोटांनी किती घरांच्या काचा फुटल्या आणि किती जीव गेले, हे आपण पाहिले आहे. २६ जुलै २००५ च्या महापुराने सखल भागातील घरांची परीक्षा घेतली. लोकलची गर्दी तर दरवर्षी बळी घेत आली. ठाणे-दिवा दरम्यानचे पाचवे व सहावे रूळमार्ग २०२२ साली सुरू झाले, तोपर्यंत दोन पिढ्यांनी दारात लटकून प्रवास केला. ‘उपद्रवग्रस्त स्थान’ या शब्दांचा अर्थ प्रत्येक पिढीस नव्याने लावावा लागतो.

एक मुद्दा स्पष्टपणे मांडणे आवश्यक वाटते. अलीकडे केवळ आपल्याच समाजाची इमारत असावी, असा आग्रह काही ठिकाणी ऐकू येतो. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवणारी उपविधी ग्राह्य धरली. कायदा काय म्हणतो हा एक भाग झाला. परंतु हेमचंद्राचार्यांनी चांगला शेजार सांगितला आहे आणि चांगुलपणाची कसोटी त्यांनी जातीवर ठेवलेली नाही. आमच्या मजल्यावर आम्हीच तेवढे जैन होतो. आईच्या आजारपणात तिचे पाणी गाळून देणारी शेजारीण मालवणची होती. तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात मासे होत असत. आमच्या पर्वदिवसांत ती आपले दार लोटून घेई, आम्ही तिला कधी सांगितले नव्हते. एकत्र राहण्याने व्रत मोडते असा आमचा अनुभव नाही. समाजाची घरे जवळ असावीत, पण शेजारास दार बंद असू नये, असे माझे नम्र मत आहे.

आता पुढील पिढीसाठी. नव्या शहरात घर पाहताना आज भ्रमणध्वनीवर सर्व माहिती मिळते. तरीही अण्णांची पद्धत जुनी झालेली नाही. कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी तेथवर प्रवास करून पाहावा. पावसात एकदा तरी गल्ली पाहावी. पाणी कोठून व किती वेळ येते, टँकरवर किती अवलंबून राहावे लागते, हे घरमालकास न विचारता इमारतीतील गृहिणीस विचारावे. मुलांना शाळेत आणि आजी-आजोबांना जिनालयात रस्ता ओलांडून एकट्याने जाता येईल का, ते चालून पाहावे. रुग्णालय किती दूर, मोठा कारखाना वा नाला किती जवळ, हे नकाशावर पाहावे. आणि घरातील मिळवत्या माणसास दिवसाकाठी कुटुंबासमवेत किती वेळ मिळेल, याचा हिशेब किमतीच्या हिशेबाआधी करावा.

ट्रस्टलाही एक विनंती आहे. आपल्या समाजाची जी कुटुंबे अन्य शहरांत स्थायिक झाली आहेत, त्यांच्या संमतीने त्यांची एक वही कार्यालयात ठेवावी. नव्याने जाणाऱ्यास तेथील शाळा, पाणी, जिनालय, शेजार यांची खरी माहिती त्यांच्याकडून मिळेल. माणिकचंद शेठजींनी धर्मशाळा बांधली. आपल्याला निदान एक वही ठेवता येईल. शंभर पानी वहीस फार खर्च येत नाही, आणि आपला ट्रस्टही एका वर्गणीच्या वहीतूनच सुरू झाला होता.

जय जिनेंद्र.