लेबलवर २५ वॅट



समजा, एखाद्या जुन्या गाडीच्या डिकीत, कार्पेटखाली, अ‍ॅल्युमिनियमचा एक जडशीळ ठोकळा सापडला. रंग उडालेला, मॅन्युअल गायब, आणि कोपऱ्यात पुसट अक्षरात '२५ × २ वॅट'. भंगारवाला वजनावर भाव करेल. आपणही म्हणू की २५ वॅटमध्ये काय होणार, साधा सबवूफर पण धड हलायचा नाही. पण थांबा! तो ठोकळा १९९० च्या आसपासचा अमेरिकन अ‍ॅम्प असेल, तर त्या २५ आकड्यामागे एक झकास भानगड असू शकते. ती कळायला थोडा इतिहास लागतो, आणि शाळेतला ओहमचा नियम. बस्स.

सुरुवात गाडीच्या बॅटरीपासून करू. बॅटरी १२ व्होल्टची, इंजिन चालू असताना फार तर १४.४. आता साध्या आउटपुट स्टेजला वर-खाली झुलायला मिळून सगळे १४.४ व्होल्टच. ४ ओहमच्या स्पीकरवर याचे होतात जेमतेम साडेसहा वॅट. स्पीकरच्या दोन्ही टोकांना उलटसुलट ढकललं, म्हणजे ब्रिज केलं, तर चौपट, २६ वॅट. तेही कागदावर. म्हणून डॅशबोर्डमधल्या स्टिरिओवर '५० × ४' लिहिलेलं असलं तरी त्याच्या आतल्या चिपकडून स्वच्छ आवाजात वीसेक वॅटच मिळतात. पदार्थविज्ञानापुढे मार्केटिंगचं काही चालत नाही :)

यातून वाट काढायची तर आधी व्होल्टेज वाढवायला हवं. १९७३ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या जिम फॉसगेटने गाडीसाठी पीआर-७००० हा अ‍ॅम्प बनवला. (हाच माणूस पुढे डॉल्बी प्रो लॉजिक २ च्या मागे होता.) कार अ‍ॅम्पची जी रचना पुढे रुळली ती अशी: बॅटरीचा डीसी सेकंदाला हजारो वेळा तोडायचा, छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून वाढवायचा, आणि पुन्हा डीसी करून आउटपुट ट्रान्झिस्टरना द्यायचा. आता १२ व्होल्टची कुंपणभिंत उरली नाही. हवे तितके वॅट काढा, बॅटरी आणि वायर झेपल्या म्हणजे झालं.

वॅट वाढले की थापाही वाढतात. घरच्या अ‍ॅम्पच्या बाबतीत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये नियम आणला, की वॅट कसे मोजायचे आणि जाहिरातीत कसे सांगायचे. पण तो नियम 'घरगुती करमणुकीच्या' उपकरणांपुरता. गाडी त्यात नव्हती. गाडीच्या अ‍ॅम्पला रान मोकळं!

इथे गोष्टीला गंमतशीर वळण मिळतं. १९८० च्या दशकात अमेरिकेत कार ऑडिओच्या स्पर्धा फोफावल्या. कमी पैशाच्या सिस्टिमची महागड्या सिस्टिमशी लढत होऊ नये म्हणून गट पाडले गेले, आणि गट ठरायचे अ‍ॅम्पच्या अधिकृत वॅटवर, ते पण ४ ओहमला. आता तुम्ही-आम्ही सॉफ्टवेअरवाले. लाइन्स ऑफ कोडवर अप्रेझल ठेवलं की काय होतं ते वेगळं सांगायला नको. तिथेही तेच झालं. ४ ओहमला मुद्दाम किरकोळ वॅट देणारे, पण ओहम कमी करत नेले की सुसाट सुटणारे अ‍ॅम्प बाजारात आले. लोकांनी त्यांना नाव दिलं 'चीटर अ‍ॅम्प'.

यातला गाजलेला पैलवान म्हणजे अ‍ॅरिझोनाच्याच ओरायन कंपनीचा २२५ एचसीसीए. नावातच माप आहे, २ चॅनेल, २५ वॅट. आता गणित करा. ४ ओहमवर २५ वॅट म्हणजे १० व्होल्ट. हेच १० व्होल्ट अर्ध्या ओहमवर टिकवून धरले, तर करंट २० अँपिअर आणि पॉवर २०० वॅट. दोन चॅनेलचे ४००! कागदोपत्री मात्र हे पोरगं ५० वॅटच्या गटात खेळणार. 'हाय करंट' हे शब्द त्याच्या नावात आहेत ते उगाच नाही. सगळी करामत त्या १० व्होल्टना न ढळू देण्यात आहे. त्यासाठी दणकट पॉवर सप्लाय आणि भरपूर आउटपुट ट्रान्झिस्टर लागतात, आणि ते फुकट येत नाहीत.

म्हणजे एकाच बाजारात दोन तऱ्हेचे खोटे आकडे. स्पर्धावाले वॅट लपवत होते, आणि स्वस्तातले ब्रँड 'मॅक्स पॉवर १००० वॅट' म्हणून फुगवत होते. शेवटी २००३ मध्ये अमेरिकन इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाने सीईए-२००६ हे मानक आणलं: १४.४ व्होल्ट, ४ ओहम, विकृती १ टक्क्याच्या आत. पण तेही ऐच्छिक. आणि आपला ठोकळा तर त्याच्याही आधीचा. म्हणून लेबल बाजूला ठेवायचं आणि यंत्रालाच विचारायचं.

पहिला साक्षीदार फ्यूज. अ‍ॅम्पवरच्या फ्यूजची बेरीज गुणिले १३.८ व्होल्ट, म्हणजे आत जाऊ शकणारी पॉवर. जुन्या क्लास एबी अ‍ॅम्पमधून त्यातली साधारण अर्धी बाहेर येते, बाकीची उष्णता. आता पाहा: '१००० वॅट' लेबल आणि फ्यूज २५ अँपिअर, तर आत जातात ३४५ वॅट, बाहेर पावणेदोनशे. बढाईखोर! उलट लेबल '२५ × २' आणि फ्यूज ६० अँपिअर, तर बाहेर चारशेच्या आसपास. म्हणजे आपला पैलवान असण्याची दाट शक्यता. (काही मोठ्या अ‍ॅम्पवर फ्यूज नसतोच, तो बॅटरीजवळ लावायचा असतो. तेव्हा हा साक्षीदार गप्प.)

दुसरा साक्षीदार वय. तळाचे स्क्रू काढा आणि ट्रान्झिस्टर, आयसी यांच्यावरचे चार आकडे बघा. ९२३४ म्हणजे बहुधा १९९२ चा ३४ वा आठवडा. आतला सगळ्यात नवा पार्ट ज्या तारखेचा, त्याआधी अ‍ॅम्प बनलेला असू शकत नाही, मधे कुणी दुरुस्ती केली नसेल तर.

तिसरा साक्षीदार आतलं व्होल्टेज. १०० वॅटच्या साध्या चॅनेलला ४ ओहमवर २८ व्होल्टचं शिखर गाठावं लागतं. २५ वॅटवाल्याला १४ पुरतात. व्होल्टेज कमी आणि तरीही आउटपुट ट्रान्झिस्टरची रांग लागलेली, तर ती रांग करंटसाठीच आहे.

आता सबवूफर. समजा दोन सब आहेत, प्रत्येकात ४ ओहमच्या दोन कॉइल. चारही कॉइल पॅरलल जोडल्या की झाला १ ओहम. अ‍ॅम्प ब्रिज केला की प्रत्येक चॅनेलला त्याच्या निम्मं दिसतं, अर्धा ओहम. ओरायनसारख्याला हे घरचं जेवण, २० व्होल्ट १ ओहमवर, ४०० वॅट. त्याच अ‍ॅम्पला एकच ४ ओहमचा सब ब्रिज करून लावाल, तर मिळतील फक्त १००, आणि तुम्ही म्हणाल अ‍ॅम्प मेला वाटतं. पण तसंच '२५ × २' लेबल असलेला साधा अ‍ॅम्प, जो चॅनेलला २ ओहमपर्यंतच तग धरतो, त्याला हा १ ओहम जोडाल तर एक तर प्रोटेक्शनचा लाल दिवा, नाहीतर धूर. ओळख चुकली तर नुकसान होतं ते असं.

सबचे ओहम मल्टिमीटरने तपासा. ४ ओहमची कॉइल साधारण ३.२ ते ३.६ दाखवते. आणि आवाज वाढवताना भान ठेवा. पूर्ण कापलेल्या, चौकोनी झालेल्या सिग्नलमध्ये तेवढ्याच उंचीच्या साइन वेव्हच्या दुप्पट पॉवर असते. कॉइल जळते ती त्याने.

खोक्याबद्दल एवढंच, की त्याचं माप अंदाजपंचे ठरवायची गरज संपून जमाना झाला. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात ते गणित मांडून ठेवलंय. सबच्या कागदावरचे एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस हे तीन आकडे त्यासाठीच असतात.

असो. तीस वर्षांत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असतात, तेव्हा पूर्ण जोरात वाजवण्याआधी ते बदलून घ्या. आणि भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा फ्यूज बघा. बाकी लेबलवर काही का लिहिलेलं असेना!