आकाशवाटांची कसोटी : ‘गगन’ प्रणाली आणि हवाई वाहतूक नियंत्रक

बीड जिल्ह्यात विमानतळ नाही. बीड शहरात प्रवासी रेल्वे पोहोचली तीही सप्टेंबर २०२५ मध्ये. जिल्ह्याच्या माथ्यावरील आकाश मात्र फार पूर्वीपासून वर्दळीचे आहे. मुंबईहून विशाखापट्टणम, भुवनेश्वर अशा पूर्व किनाऱ्यावरील शहरांकडे जाणारी विमाने साधारण याच पट्ट्यावरून जातात. हे आकाश ‘मुंबई उड्डाण माहिती क्षेत्रा’त मोडते. महाराष्ट्राबरोबरच अरबी समुद्राचा विस्तीर्ण भागही याच क्षेत्रात येतो, आणि त्यातील वाहतुकीची जबाबदारी भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या नियंत्रकांवर आहे.

या विमानांना वाट दाखविण्याचे काम अनेक दशके जमिनीवरील ‘व्हीओआर’ या रेडिओ केंद्रांनी केले. बीडला सर्वांत जवळचे केंद्र छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरचे. विमान एका केंद्राकडून दुसऱ्या केंद्राकडे जात असे. त्यामुळे हवाई मार्गही केंद्रे जिथे, तिथूनच आखले जात. उपग्रहांमुळे हे बंधन सैल झाले. परंतु केवळ ‘जीपीएस’वर विसंबून प्रवासी विमान धावपट्टीवर उतरविता येत नाही. उंचीच्या मोजमापातील काही मीटरची चूकही तिथे महागात पडते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, उपग्रहाचा संदेश बिघडला असेल तर वैमानिकाला काही सेकंदांत तसा इशारा मिळाला पाहिजे, आणि साध्या जीपीएसमध्ये ती सोय नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी ‘इस्रो’ आणि विमानतळ प्राधिकरण यांनी ‘गगन’ ही प्रणाली उभारली. तिची संदर्भ केंद्रे देशभर आहेत. महाराष्ट्रातील केंद्र नागपूरला आहे. या केंद्रांचे स्थान अचूक ठाऊक असल्याने जीपीएसचा संदेश किती चुकतो, हे ताडून पाहता येते. ही माहिती बंगळूरच्या मुख्य नियंत्रण केंद्रात एकत्र होते आणि दुरुस्ती भूस्थिर उपग्रहामार्फत विमानापर्यंत पोहोचते. २००७ मधील प्रात्यक्षिक टप्प्यात अशी आठ केंद्रे होती. पुढे ती पंधरा झाली. ३० डिसेंबर २०१३ रोजी प्रणालीला मार्गक्रमणासाठी, तर २१ एप्रिल २०१५ रोजी उतरण्याच्या प्रक्रियेसाठी प्रमाणपत्र मिळाले.

खरी अडचण उपग्रहांची नव्हती, वातावरणाची होती. विषुववृत्ताजवळील आयनोस्फिअरमध्ये दुपारनंतर मोठी उलथापालथ होते आणि उपग्रहाच्या संदेशास होणारा विलंब सतत बदलत राहतो. बीडसह जवळपास संपूर्ण दक्षिण व मध्य भारत या अस्थिर पट्ट्याखाली येतो. अमेरिका-युरोपात वापरात असलेली गणिती पद्धत इथे पुरेशी ठरेना, म्हणून भारतीय शास्त्रज्ञांना स्वतंत्र प्रारूप तयार करावे लागले.

प्रमाणपत्र मिळाले म्हणजे काम संपले, असा समज सर्वसाधारणपणे असतो. वास्तविक नियंत्रकांचे काम तिथून वाढते. उतरण्याची नवी वाट कागदावर आखली जाते, विशेष विमान ती प्रत्यक्ष उडून तपासते आणि नियंत्रकांना सिम्युलेटरवर तिचा सराव द्यावा लागतो. पडद्यावरील नवी संगणक प्रणाली तर प्रथम जुनीच्या शेजारी चालविली जाते. वाहतुकीचा ताबा जुन्याच पडद्यावर असतो. नव्या पडद्यावर तीच विमाने त्याच ठिकाणी दिसतात का, दोन विमाने जवळ येत असल्याचा इशारा वेळेवर मिळतो का, हे नियंत्रक पाहतात. खोटे इशारे ही इथली सर्वांत अवघड बाब. प्रणाली उगाच ओरडू लागली, तर खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष होण्याचा धोका असतो. हा दोष अभियंत्याच्या चाचणीत दिसेलच असे नाही; गर्दीच्या वेळी पडद्यापुढे बसणाऱ्याला तो चटकन कळतो.

दुसरी अडचण सरमिसळीची. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगड विमानतळावर ‘इंडिगो’चे एटीआर विमान ‘गगन’च्या साह्याने उतरले, आशियात प्रवासी विमान कंपनीने असे तंत्र वापरण्याची ती पहिली वेळ. परंतु ‘गगन’चे उपकरण सक्तीचे झाले ते १ जुलै २०२१ पासून भारतात नोंदणी होणाऱ्या विमानांना. त्यामुळे एकाच रांगेत उपकरण असलेली आणि नसलेली विमाने येतात. कोणाला कोणती वाट द्यायची, पुढच्या-मागच्यात अंतर किती राखायचे, हा हिशेब नियंत्रकालाच करावा लागतो. लहान शहरांच्या दृष्टीने मात्र या तंत्राचे मोल मोठे आहे. धावपट्टीजवळ महागडी ‘आयएलएस’ यंत्रणा न उभारताही विमान बरेच खाली, अचूकपणे आणता येते.

उपग्रहांवरील भिस्त वाढत असताना एक नवा धोका पुढे आला आहे. खोटे संदेश पाठवून विमानाच्या जीपीएसला चकविता येते. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमावर्ती भागात, मुख्यतः अमृतसर व जम्मू परिसरात, अशा ४६५ घटना नोंदविल्या गेल्याची माहिती सरकारने संसदेत दिली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत हा प्रकार घडला. त्यानंतर डिसेंबरमध्ये सरकारने संसदेत ज्या विमानतळांवर जीपीएसमध्ये अडथळे आल्याचे सांगितले, त्यांत मुंबई व हैदराबादही होते.

म्हणूनच जमिनीवरील जुनी केंद्रे मोडीत काढलेली नाहीत. उपग्रह निकामी ठरल्यास वाहतूक चालू राहील इतके भूस्थित केंद्रांचे किमान जाळे राखण्याचे धोरण आहे. वैमानिकाने जीपीएस बिघडल्याचे कळविताच नियंत्रक त्याला रडारच्या आधारे दिशा देतो आणि जवळच्या व्हीओआरकडे वळवू शकतो. मराठवाड्याच्या आकाशात असे घडल्यास चिकलठाण्याचे केंद्र तेव्हाही कामाला येईल.