कार्यप्रणाली बदलताना डेटाबेस कोणता निवडावा?

भिवापूर (जि. नागपूर) : लाल मिरचीमुळे सर्वदूर परिचित असलेल्या भिवापूरसारख्या तालुक्याच्या गावी अडत्याचा हिशेब, पतसंस्थेची सभासद यादी किंवा वाचनालयाची ग्रंथनोंद अनेकदा वर्षानुवर्षे एकाच डेस्कटॉप आज्ञावलीवर अवलंबून असते. विंडोज १० या कार्यप्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. जे जुने संगणक विंडोज ११ स्वीकारत नाहीत, त्यांच्यासाठी लिनक्सचा पर्याय पुढे येतो. अशा वेळी आज्ञावली पुन्हा लिहिता येते. हरवलेल्या नोंदी मात्र पुन्हा मिळत नाहीत. म्हणूनच स्थलांतरात पहिला निर्णय डेटाबेसचा असावा.

जुनी प्रणाली कोठे अडते?

१९९८ मध्ये आलेल्या व्हिज्युअल बेसिक ६ सोबत मायक्रोसॉफ्ट अॅक्सेसचा डेटाबेस वापरण्याची पद्धत रूढ होती. त्यामागील 'जेट' हे इंजिन केवळ विंडोजवर चालते आणि त्याच्या एका फाइलची मर्यादा २ गिगाबाइट आहे. फॉक्सप्रोची अवस्थाही वेगळी नाही. व्हिज्युअल फॉक्सप्रोची ९ ही शेवटची आवृत्ती ठरली आणि तिचे साहाय्य २०१५ मध्ये संपले.

एक संगणक की अनेक?

निवडीची खरी कसोटी म्हणजे एकाच वेळी किती जण नोंदी करणार, हा प्रश्न. नोंदी एकाच संगणकावर होत असतील तर एसक्यूलाइट हा सोयीचा पर्याय आहे. अमेरिकी नौदलाच्या युद्धनौकेसाठीच्या कामातून रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये तो विकसित केला. त्याला स्वतंत्र सर्व्हर लागत नाही. संपूर्ण डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो आणि तीच फाइल विंडोज, लिनक्स व मॅकवर जशीच्या तशी उघडते. त्यासाठी परवाना शुल्क नाही.

मात्र त्यात एका वेळी एकालाच लिहिता येते. ही फाइल नेटवर्कवरील सामायिक फोल्डरमध्ये ठेवून तीन-चार संगणकांवरून वापरल्यास ती बिघडण्याचा धोका असतो. अशा ठिकाणी पोस्टग्रेएसक्यूएल, मारियाडीबी किंवा मायएसक्यूएल यांसारखा सर्व्हर हवा. आज एक संगणक आणि उद्या अनेक, अशी शक्यता असल्यास फायरबर्डचाही विचार करता येतो. तो आज्ञावलीत अंतर्भूत करून अथवा सर्व्हर म्हणून, दोन्ही प्रकारे चालतो. मायएसक्यूएल बंदिस्त आज्ञावलीसोबत वितरित करायचे असल्यास त्याच्या परवान्याच्या अटी आधी तपासाव्यात.

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची 'ई-ग्रंथालय' ही प्रणाली या संदर्भात उद्बोधक आहे. तिची तिसरी आवृत्ती विंडोज व मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरवर आधारित होती. चौथ्या आवृत्तीत ती वेबवर आली आणि तिने पोस्टग्रेएसक्यूएल हा मुक्त डेटाबेस स्वीकारला.

रक्कम, तारीख आणि 'होय-नाही'

अॅक्सेसमध्ये 'होय' हे उत्तर उणे १ असे साठवले जाते. इतरत्र ते बहुधा १ असते. एसक्यूलाइटमध्ये तारखेसाठी वेगळा प्रकार नाही, त्यामुळे वर्ष-महिना-दिवस या क्रमाने ती लिहिणे श्रेयस्कर. अॅक्सेसचा चलन-प्रकार चार दशांश स्थळे अचूक ठेवतो. तो दशांश अपूर्णांकात तसाच उतरवल्यास बेरजेत पैशांची तफावत येऊ शकते. एसक्यूलाइटमध्ये रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवणे सुरक्षित. त्यातील कोष्टकांमधील परस्परसंबंधांची तपासणीही मुळात बंद असते. ती प्रत्येक जोडणीच्या वेळी सुरू करावी लागते. मायएसक्यूएलमध्ये कोष्टकांच्या नावांतील इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांचा भेद विंडोजवर जाणवत नाही, लिनक्सवर मात्र जाणवतो. तेथे पूर्वी बिनदिक्कत चालणारी आज्ञा अडते.

मराठीची कसोटी

कृतिदेव किंवा शिवाजी यांसारख्या जुन्या फाँटमध्ये पडद्यावर मराठी दिसत असले, तरी साठवलेली चिन्हे प्रत्यक्षात रोमन असतात. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर केल्याशिवाय नोंदी हलवू नयेत. 'शेतकऱ्यांचे' या शब्दातील 'ऱ्य' युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. नोंदींत एकच पद्धत न ठेवल्यास शोध घेताना काही नोंदी सापडतच नाहीत.

वर्णक्रमाचा प्रश्नही असाच आहे. युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे येतो. मराठी वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो. परिणामी केवळ संकेतांक पाहणाऱ्या डेटाबेसमध्ये 'काळे' हे आडनाव 'कावळे'च्या आधी लागते. आयसीयू या मुक्त ग्रंथालयात मराठीचे वर्णक्रम-नियम आहेत. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ते वापरता येतात. एसक्यूलाइटमध्ये त्यासाठी वेगळी जोडणी करावी लागते.

स्थलांतराचा क्रम

प्रथम मूळ फाइलच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. नंतर प्रत्येक कोष्टकातील नोंदींची संख्या व रकमांची बेरीज जुन्या आणि नव्या डेटाबेसमध्ये ताडून पाहावी. एक पूर्ण महिना दोन्ही प्रणाली समांतर चालवाव्यात. दोन्हींचे आकडे जुळले, तरच जुनी प्रणाली बंद करावी. दरवर्षी सर्व नोंदी साध्या मजकूर-फाइलमध्येही काढून ठेवल्यास पुढील स्थलांतराच्या वेळी कोणत्याही एका कंपनीवर विसंबावे लागणार नाही.