जंपरपासून पॅच पॅनेलपर्यंत : धाराशिव जिल्ह्यातील तारांच्या शिस्तीचा इतिहास

पॅच पॅनेल म्हणजे इमारतीतल्या सगळ्या नेटवर्क तारा जिथे येऊन थांबतात आणि जिथून पुढे जोडल्या जातात ती पट्टी. तिची रुंदी १९ इंच आणि उंची पावणेदोन इंच असते. पुढच्या बाजूला सहसा २४ सॉकेट असतात, मागच्या बाजूला तितक्याच तारा कायमच्या ठोकून बसवलेल्या असतात. पुढच्या सॉकेटातून हातभर लांबीची पॅच कॉर्ड निघते आणि स्विचला जाऊन मिळते. टेबल हलले, कारकून बदलला, आस्थापना शाखा वरच्या मजल्यावर गेली, तर बदलायची ती फक्त ही छोटी कॉर्ड. भिंतीतल्या तारेला हात लावायचा नाही.

आज धाराशिवच्या सरकारी कचेऱ्यांत, तुळजापूर-उमरग्याच्या बँकांत, कॉलेजांच्या संगणक कक्षांत अशी पट्टी काचेच्या दाराच्या काळ्या रॅकमध्ये बसलेली असते आणि ती संगणकाबरोबर आली असे समजले जाते. वास्तविक कायमची तार वेगळी आणि बदलती जोडणी वेगळी, हा नियम टेलिफोनवाल्यांचा आहे. संगणकाने तो आयता घेतला, रंगांसकट घेतला.

या नियमाची सुरुवात ऑपरेटरच्या बोर्डावर झाली. अमेरिकेतील न्यू हेवन येथे २८ जानेवारी १८७८ रोजी पहिले व्यापारी एक्स्चेंज सुरू झाले तेव्हा त्याचे ग्राहक अवघे २१ होते. चार वर्षांनी, २८ जानेवारी १८८२ रोजी, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे एक्स्चेंजे उघडली. पुढे रूढ झालेल्या बोर्डांत प्रत्येक ग्राहकाची तार एका भोकापाशी संपे. ऑपरेटर दोन्ही टोकांना पितळी खुंटी असलेली दोरी घेऊन एक टोक बोलावणाऱ्याच्या भोकात आणि दुसरे बोलावलेल्याच्या भोकात घाली. बोलणे संपले की दोरी खाली सुटे. तार जागची हलत नसे. पॅच कॉर्ड हा शब्द आणि ती वस्तू दोन्ही या दोरीच्या वंशातले आहेत.

आजचा धाराशिव जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. पुढे शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून शहराला उस्मानाबाद म्हणू लागले. संस्थानाची टपाल व्यवस्था स्वतंत्र होती. दळणवळणाची मोठी वाट होती ती बार्शी लाइट रेल्वेची. अडीच फुटी गेजची ही गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत आणि १९११ मध्ये येडशीवरून लातूरपर्यंत पोचली, पण जिल्ह्याचे गाव रुळांपासून दूर राहिले. शहराला रेल्वे मिळाली ती ब्रॉडगेज झाल्यावर, एकविसाव्या शतकात. जिल्ह्यातील संपर्काची साधने अशीच उशिरा आणि एखाद्या बाजूच्या गावावरून वळसा घेऊन आलेली आहेत.

संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. त्यानंतरची कित्येक वर्षे परगावी फोन करणे म्हणजे ट्रंक कॉल बुक करणे होते. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे दर चढत जात. तालुक्याच्या ऑपरेटरने जिल्ह्याच्या ऑपरेटरला गाठायचे, त्याने पुढच्या ठाण्याला, आणि मुंबईपर्यंत प्रत्येक ठिकाणी कोणीतरी बोर्डावर दोरी खोचायची. एक लांब संभाषण म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पाच-सहा पॅच कॉर्डच होत्या, आणि प्रत्येकीच्या मागे कान देऊन बसलेला माणूस होता.

ऑपरेटरचा बोर्ड सर्वांना माहीत असतो. एक्स्चेंजच्या मागच्या खोलीतली चौकट फारशी कोणी पाहिलेली नसते, आणि पॅच पॅनेलची खरी आई तीच आहे. तिला एमडीएफ म्हणतात. जमिनीपासून छतापर्यंत उभी लोखंडी मांडणी. तिच्या एका अंगाला गावातून जमिनीखालून आलेल्या केबलींची टोके, दुसऱ्या अंगाला यंत्राचे क्रमांक. दोन्ही अंगांना जोडणारी पिळलेली सुटी तार म्हणजे जंपर. ग्राहकाने घर बदलले तर त्याचा नंबर तोच राही. जंपर काढून नव्या जोडीवर मारला की काम झाले. कोणत्या नंबराला कोणती जोडी, रस्त्यावरचा कोणता पिलर, कोणती डीपी म्हणजे वाटप पेटी, हे वहीत किंवा कार्डावर लिहिलेले असे. यंत्र बिघडले तर नवे आणता येते. ही वही हरवली तर केबल असूनही नसल्यासारखी होते, म्हणून एक्स्चेंजची खरी मालमत्ता वहीलाच म्हटले पाहिजे.

एमडीएफवरून तार पिलरला, पिलरवरून खांबावरच्या डीपीला आणि तिथून घरात जाई. प्रत्येक टप्प्यावर कायमची जोडी संपे आणि पुढची जोडणी बदलता येई. १९८ वर तक्रार आली की टेस्ट डेस्कवरचा माणूस एमडीएफवर क्लिप लावून आधी दोष यंत्राच्या बाजूला आहे की गावाच्या, हे पाही. तार तुटली असेल तर डिस, दोन तारा चिकटल्या असतील तर लूप, जमिनीला लागली असेल तर अर्थ. मग लाईनमन सायकलवरून पिलरकडे निघे. जाळ्याचे तुकडे पाडून दोष शोधण्याची ही पद्धत नेटवर्क सांभाळणारा आजही जशीच्या तशी वापरतो. पॅच कॉर्ड काढून तो एकदा स्विचकडे तपासतो आणि एकदा भिंतीकडे.

जॉइंटरचे काम रंगांवर चाले. केबलमधल्या जोड्या ओळखण्यासाठी एका तारेला पांढरा, लाल, काळा, पिवळा किंवा जांभळा आणि दुसरीला निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी किंवा करडा रंग असतो. पाच पंचे पंचवीस जोड्या. पांढरा-निळा पहिली, पांढरा-नारिंगी दुसरी, अशी ओळ जॉइंटरला पाढ्यासारखी पाठ असे. पावसात भरलेल्या खड्ड्यात बसून, हाताला केबलमधली जेली लागलेली असताना, विजेरीच्या उजेडात शंभर जोड्या न चुकता जुळवणे हे मोठ्या कसबाचे काम होते. त्याची नोंद इतिहासात क्वचितच होते.

एमडीएफवर आधी कथलाचा डाग देऊन जंपर जोडत. पुढे बर्लिनच्या क्रोन कंपनीचे मॉड्यूल आले. त्या पद्धतीचे नाव एलएसए. डाग नको, स्क्रू नको, सोलणे नको, या अर्थाच्या तीन जर्मन शब्दांची ती आद्याक्षरे. दोन पात्यांच्या फटीत तार ठेवून हत्याराने ठोकली की पाती प्लास्टिक कापून तांब्याला धरतात आणि उरलेले टोक त्याच ठोक्यात छाटले जाते. लोक यालाच पंच मारणे म्हणतात. पॅच पॅनेलच्या मागे तार बसते ती याच रीतीने. म्हणून टेलिफोन खात्यातल्या माणसाच्या हाती पॅच पॅनेल दिले तर त्याला नवे शिकायला फारसे उरत नाही.

उत्तर भारतात लखनौ ते कानपूर अशी एसटीडी, म्हणजे ऑपरेटरशिवाय परगावी थेट फोन लावण्याची सोय, १९६० मध्येच सुरू झाली होती. मराठवाड्याच्या खेड्यांसाठी मोठा बदल ऑगस्ट १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या दूरसंचार संशोधन संस्थेमुळे शक्य झाला. तिथे १२८ पोर्टांचे ग्रामीण एक्स्चेंज तयार झाले आणि १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे पहिले बसले. वातानुकूलित खोली न मागणारे, धूळ आणि उन्हाळा सोसणारे हे यंत्र बालाघाटाच्या पठारासारख्या मुलखासाठीच बनवले असावे असे वाटते. पण लहान यंत्रालाही एमडीएफ लागतेच, आणि विजेपासून रक्षणही. डोंगरमाथ्यावरच्या मुरमात अर्थिंग नीट लागत नाही. उन्हाळ्यात माती वाळली की ते आणखी बिघडते. म्हणून खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालून वरून पाणी ओतत राहावे लागते. वळवाच्या पावसात वीज पडली की तारेवरून आलेला धक्का एमडीएफवरच्या संरक्षक नळ्यांनी जमिनीत सोडायचा असतो, आणि अर्थिंग कोरडे असेल तर तो यंत्रात शिरतो. आजच्या रॅकलाही हाच नियम लागू आहे, पण रॅक बसवताना अर्थिंगची वायर हीच सर्वात आधी विसरली जाते.

एसटीडीने जिल्ह्याचा एक वेगळा नकाशा तयार केला. तुळजापूरला ०२४७१, शहराला ०२४७२, कळंबला ०२४७३, उमरग्याला ०२४७५, परांड्याला ०२४७७, भूमला ०२४७८. पहिले चार अंक सर्वांचे सारखे, शेवटचा आपापला. १६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा जिल्हा झालेल्या लातूरचा कोड ०२३८२, म्हणजे या मालिकेबाहेरचा. चांगल्या पॅच पॅनेलवरचे लेबलही असेच वाचता यावे लागते : आधी मजला, मग रॅक, मग पट्टी, मग सॉकेट. २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले, पण ०२४७२ बदलला नाही. लेबलात नावापेक्षा क्रमांक अधिक टिकतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूरबरोबर या जिल्ह्यातील सास्तूर आणि उमरगा-लोहारा भागातील गावे जमीनदोस्त झाली, जवळपास आठ हजार माणसे गेली. त्यानंतर महाराष्ट्राने जिल्हावार आपत्ती व्यवस्थापन आराखडे केले आणि जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला महत्त्व आले. अशा कक्षात एक लाइन बंद पडली तर दुसरी मिनिटात तिच्या जागी आली पाहिजे, आणि पट्टीवर कोणती तार कोणाची हे लिहिलेले नसेल तर तसे होत नाही.

कचेऱ्यांत संगणक याच काळात येत होते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने देशभरातील जिल्ह्यांची मुख्यालये उपग्रहाद्वारे जोडली होती, पण ते बहुधा एका खोलीपुरते होते. खोलीबाहेर जाळे न्यायचे तर पहिली रीत बारीक काळ्या कोॲक्सिअल केबलची. एकच केबल एका संगणकाकडून दुसऱ्याकडे माळेसारखी जाई. तिची लांबी १८५ मीटर, तिच्यावर ३० यंत्रे. कोणी खुर्ची सरकवताना एक सांधा सैल केला की सगळी माळ बंद. तिथे पट्टी नव्हती, कारण तारा एका ठिकाणी येतच नव्हत्या.

१९९० मध्ये पिळलेल्या जोडीवर चालणाऱ्या इथरनेटचे मानक आले आणि प्रत्येक संगणकाची तार एका मध्याकडे जाऊ लागली. रचना पुन्हा टेलिफोन एक्स्चेंजसारखी झाली. १९९१ मध्ये अमेरिकी दूरसंचार उद्योगाने इमारतीतल्या तारांचे ५६८ क्रमांकाचे मानक काढले. कायमची तार ९० मीटरपर्यंत, पॅच कॉर्ड मिळून आणखी १० मीटर, हा त्यातला नियम आजही पाळतात. त्यामागचे कारण साधे आहे. भिंतीतली तार एकाच भरीव तांब्याची असते. ती संदेश लांब नेते, पण चार-सहा वेळा वाकवली की तुटते. पॅच कॉर्ड बारीक तारांच्या पिळाची असते. ती वाकते, पण लांब पल्ल्याला कमी पडते. दोघींच्या सीमेवर पॅच पॅनेल बसते. मागे ठोकताना पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नसतो, नाहीतर शेजारच्या जोडीची कुजबूज तारेत शिरते.

केबलमध्ये चार जोड्या असतात : निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी. जॉइंटरच्या पाढ्यातले हे पहिले चार रंग, त्याच क्रमाने. प्रत्येकीची जोडीदार पांढरी. निळी जोडी सॉकेटच्या मधल्या ४ आणि ५ क्रमांकाच्या पिनांवर ठेवली आहे, कारण टेलिफोनची जोडी मध्यभागी येते. पाचवा करडा रंग या केबलीत नाही.

मार्च २००५ मध्ये केंद्राने राज्यांच्या विस्तृत जाळ्यांची योजना मंजूर केली : राज्याचे मुख्यालय, जिल्हा, तालुका, आणि किमान २ एमबीपीएसची वाट. महाराष्ट्राचे हे जाळे मंत्रालयापासून तहसील कचेरीपर्यंत आले. बँकांची कोअर बँकिंग आणि न्यायालयांचे संगणकीकरण साधारण याच दशकातले. या कामांत रॅक आणि पॅच पॅनेल निविदेतच लिहिलेले असत, म्हणून ते बसले. गावोगावच्या संगणक वर्गांत मात्र २००१ मध्ये एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाल्यानंतर टेबलाखालून आलेल्या तारा थेट हबमध्ये खोचल्या गेल्या. काही हजार रुपये वाचले आणि पुढची दहा वर्षे प्रत्येक बिघाडात तारांचा गुंता ओढून पाहावा लागला. भरीव तार रोज हलली की प्लगच्या तोंडाशी तुटते. मग टोक कापून पुन्हा क्रिंप करायचे, आणि तीनदा कापली की तार टेबलापर्यंत पुरत नाही. ही काटकसर शेवटी महागातच पडली.

ऑक्टोबर २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना मंजूर झाली. तीच पुढची भारतनेट. केबल तांब्याची राहिली नाही, तरी तालुक्याच्या ठिकाणी पट्टी आलीच. बाहेरून आलेला तंतू आत एका तबकात वितळवून जोडतात. पुढे छोट्या प्लगची पिवळी कॉर्ड. पंच मारण्याऐवजी वितळवणारे यंत्र, अर्थिंगऐवजी धुळीची काळजी. धुळीचा एक कण प्लगच्या तोंडावर बसला तरी उजेड अडतो.

या केबलीतले तंतू ओळखण्याचे रंग क्रमाने असे आहेत : निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, त्यानंतर गुलाबी आणि फिकट निळसर. पहिले दहा जॉइंटरच्या पाढ्यातलेच. संगणकाच्या केबलीत गळालेला करडा इथे आपल्या पाचव्या जागी परत आला आहे.