पवनचक्कीचा आवाज आणि आरोग्य: त्रास कसा तपासावा?

साताऱ्यातील चाळकेवाडी-वनकुसवडे पठार किंवा धुळ्यातील साक्री तालुका अशा भागांत वस्तीजवळ पवनचक्क्या आहेत. तेथील अनेक रहिवासी विचारतात, "रात्री झोप लागत नाही, डोके दुखते. हे पवनचक्कीमुळे असेल का?" याचे उत्तर तपासल्याशिवाय देता येत नाही. तक्रार उडवून लावणे चूक आहे आणि प्रत्येक आजाराचे खापर पवनचक्कीवर फोडणेही तितकेच धोक्याचे आहे.

आवाज कसा असतो?

पाती हवा कापताना लयीत 'सूं-सूं' असा आवाज येतो. गिअरबॉक्स किंवा इतर यंत्रभागांचा घरघराट वेगळा असतो. घरघर किंवा शिट्टीसारखा एकसुरी आवाज नव्याने सुरू झाला, तर यंत्रात बिघाड असू शकतो. तो कंपनीला कळवावा.

रात्री जमिनीलगत वारा पडलेला असतो, पण उंचावर तो जोरात वाहत असतो. चक्की फिरत राहते आणि आवाज झाकणारी झाडांची सळसळ किंवा वाहनांची वर्दळ नसते. त्यामुळे दिवसा न जाणवणारा आवाज रात्री स्पष्ट ऐकू येतो. हा मनाचा खेळ नव्हे.

किती आवाज जास्त समजावा?

आपल्याकडील ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबल ही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये युरोपसाठी केलेल्या शिफारशीत पवनचक्कीचा आवाज सरासरी 45 डेसिबलपेक्षा कमी ठेवण्यास सांगितले आहे. ही सरासरी संध्याकाळ आणि रात्रीच्या आवाजाला जास्त महत्त्व देऊन काढतात. मात्र पुरावा मर्यादित असल्याने ही शिफारस सशर्त आहे.

खरंच आजार होतो का?

कॅनडाच्या आरोग्य खात्याने पवनचक्क्यांजवळ राहणाऱ्या 1,238 प्रौढांचा अभ्यास करून 2014 मध्ये निष्कर्ष मांडले. आवाज वाढला तशी लोकांची त्रासिकता वाढली, पण आवाजाची पातळी आणि आजार किंवा झोपेच्या तक्रारी यांचा थेट संबंध आढळला नाही. मात्र जे फार त्रासलेले होते, त्यांच्यात डोकेदुखी, चक्कर, झोपेच्या तक्रारी आणि वाढलेला रक्तदाब जास्त दिसला. म्हणजे त्रासिकता हीसुद्धा दखल घेण्यासारखी गोष्ट आहे. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींमुळे, म्हणजे इन्फ्रासाउंडमुळे, आजार होतो याला आजवर ठोस आधार मिळालेला नाही.

नेदरलँड्समधील पाहणीत पवनचक्कीतून उत्पन्न मिळणाऱ्यांना तिचा त्रास फारच कमी वाटत होता. जमिनीच्या व्यवहारात फसवणूक झाल्याची भावना असेल, तर तोच आवाज अधिक बोचतो. डॉक्टरांना हेही मोकळेपणाने सांगा.

घरी काय करावे?

- दोन आठवडे नोंदवही ठेवा. तारीख, वेळ, वारा, आवाजाचा प्रकार, झोपायची आणि जाग येण्याची वेळ लिहा.
- चक्की बंद असलेल्या रात्रीही झोप कशी होती, ते आवर्जून लिहा. सर्वांत उपयोगी माहिती हीच असते.
- मोबाइल अ‍ॅपचा आकडा फक्त तुलनेसाठी वापरा. माइकवर वारा लागला की आकडा फुगतो आणि खर्जातला आवाज नीट मोजला जात नाही.
- अंथरूण चक्कीच्या विरुद्ध बाजूच्या खोलीत हलवा. पत्र्याच्या घरात आवाज जास्त शिरतो. पंख्याचा संथ आवाज किंवा इअरप्लग काहींना उपयोगी पडतात.
- संध्याकाळनंतर चहा टाळा. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका.

अधिकृत मोजणीसाठी ग्रामपंचायतीमार्फत जिल्हाधिकारी कार्यालय किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज करा आणि सोबत नोंदवहीची प्रत जोडा. मोजणी रात्री, चक्की चालू आणि बंद अशा दोन्ही वेळी व्हावी, असा आग्रह धरा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

झोपेची तक्रार आठवड्यातून तीन-चार रात्री आणि महिनाभर टिकली, तर तपासणी करून घ्या. रक्तदाब, थायरॉइड, रक्तातील साखर, रक्तक्षय, नैराश्य आणि घोरताना श्वास अडकणे ही कारणे पाहावी लागतात. कानात सतत गुणगुण होत असेल, तर कान तपासावेत.

पुढील लक्षणांत थांबू नका: एका कानाने अचानक ऐकू येईनासे होणे, छातीत दुखणे, अचानक आलेली तीव्र डोकेदुखी, हातापायातील शक्ती जाणे किंवा जिवाचे बरे-वाईट करण्याचे विचार.

पवनचक्कीची तक्रार आणि तब्येतीची तपासणी एकाच वेळी सुरू ठेवा. अर्जाचा निकाल यायला महिने लागतात. तोवर वाढलेला रक्तदाब तसाच राहू देऊ नका.