के दिहुआ कुणाचा?

जून ते डिसेंबर २०२० या सात महिन्यांतल्या चार घटना एकाखाली एक लिहून पाहाव्यात. १५ जूनच्या रात्री गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत वीस भारतीय जवानांना वीरमरण आले. २९ जुलैला केंद्र सरकारने नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केले. त्यात ‘जागतिक नागरिकत्व शिक्षण’ हा शब्दप्रयोग आला. सप्टेंबरात बातमी आली, की चीनमधल्या शिज्याझुआंग शहरातील एका वैद्यकीय शाळेसाठी एका भारतीय डॉक्टरचा ब्राँझचा पुतळा तयार झाला आहे. आणि ३ डिसेंबरला लंडनहून ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झाले, ते माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना.

पुतळा ज्यांचा, ते डॉक्टर द्वारकानाथ शांताराम कोटणीस सोलापूरचे. पुरस्कार ज्यांना मिळाला, ते गुरुजी सोलापूर जिल्ह्यातले. सीमेवरचे रक्त, धोरणातला शब्द, परक्या देशातला पुतळा आणि खेड्यातली शाळा या चार गोष्टी वर्तमानपत्राच्या चार निरनिराळ्या पानांवर छापल्या जातात. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात पाने वेगळी नसतात. गलवानची बातमी आणि कोटणिसांचा धडा त्याच्यापाशी एकाच वेळी येतात आणि तो विचारतो, “मग चीन आपला मित्र की शत्रू?” या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, यावर त्या मुलाचे जागतिक नागरिकत्वाचे शिक्षण ठरते. धोरणातला शब्द त्यानंतर येतो.

त्यासाठी आधी इतिहास नीट पाहायला हवा.

कोटणीस १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मले. ते विशीत येत होते तेव्हाचे सोलापूर कसे होते? मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटले, गोळीबार झाला आणि १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. डोक्यावर गांधीटोपी घालणे हाही त्या दिवसांत गुन्हा ठरला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. ही चार नावे नुसती मोठ्याने वाचली तरी शहराची घडण कळते. घरात कन्नड बोलणारे, मारवाडी, उर्दू आणि मराठी बोलणारे, अशा चार वस्त्यांची ती नावे आहेत.

या फाशीनंतर जेमतेम साडेसात वर्षांनी याच शहराचा एक मुलगा दुसऱ्या देशाच्या लढाईतल्या जखमींवर उपचार करायला निघाला. स्वतःचा देश पारतंत्र्यात असताना तो दुसऱ्याच्या मदतीला गेला, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो आणि पुढे सरकतो. खरे तर थांबायचे ते इथेच. देशप्रेम आणि विश्वप्रेम ही एका तराजूची दोन पारडी आहेत, एक वर गेले की दुसरे खाली येणार, असे आपण गृहीत धरतो. त्या पिढीला तसे वाटत नव्हते. जपानने १९३७ मध्ये चीनवर केलेले आक्रमण आणि सोलापुरातला लष्करी कायदा त्यांना एकाच जातीचे वाटत होते.

चिनी सेनानी चू दे यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते; त्यांनी लोकांना आवाहन केले, वर्गणी जमली आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल, ते त्याआधी स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आले होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेले अठ्ठावीस वर्षांच्या उंबरठ्यावरचे कोटणीस. सप्टेंबर १९३८ मध्ये हे पथक मुंबईहून बोटीने निघाले आणि १९३९ च्या सुरुवातीला येनानला पोहोचले.

वडील गेल्याची बातमी कोटणिसांना चीनमध्येच कळली. ते परतले नाहीत. यथावकाश पथकातले इतर मायदेशी आले, कोटणीस आघाडीवरच राहिले. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथून नोव्हेंबर १९३९ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी झालेल्या जंतुसंसर्गाने वारले होते. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची धुरा पुढे कोटणिसांकडे आली. तिथेच परिचारिकांना शिकवणाऱ्या गुओ छिंगलान त्यांना भेटल्या. १९४१ मध्ये लग्न झाले, १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. बाळ काही महिन्यांचे असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय अवघे बत्तीस.

चीनमध्ये त्यांना कोटणीस म्हणून फार थोडे लोक ओळखतात. तिथे ते ‘के दिहुआ’ आहेत. पाचही डॉक्टरांनी घेतलेल्या चिनी नावांच्या शेवटी ‘हुआ’ होते. नाव घेणे सोपे. कोटणिसांनी भाषाही घेतली. ते चिनी बोलायला, लिहायला शिकले आणि चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शस्त्रक्रिया शिकवू लागले. माझ्या मते त्यांच्या चरित्रातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे आणि आपल्याकडे तीच सर्वांत कमी सांगितली जाते. जखम दुभाष्याकडून समजून घेता येते. शिकवायचे असेल, तर समोरच्याच्या भाषेत चुका करण्याची तयारी लागते.

आता मुलांच्या प्रश्नाकडे वळू. कोटणिसांवर बोलून झाले, की एखादा मुलगा हमखास विचारतो, “आपण त्यांना डॉक्टर दिला, त्यांनी आपल्याला १९६२ दिले. मग फायदा काय झाला?” प्रश्न उद्धट वाटतो म्हणून शिक्षक त्याला खाली बसवतात. पण तो दाबण्याजोगा प्रश्न नाही. त्याच्या पोटात निदान तीन प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न माणूस आणि राज्यसंस्था यांच्यातल्या फरकाचा. कोटणिसांनी ज्यांच्या जखमा शिवल्या, ती आक्रमण झेलणारी माणसे होती. वीस वर्षांनंतर त्या देशाच्या सरकारने काय केले, याचा हिशेब त्या जखमींच्या खात्यावर मांडता येतो का? दुसरा प्रश्न अवघड तपशिलाचा. जुलै १९४२ मध्ये कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. शालेय धड्यांत हे बहुधा वगळले जाते. न जाणो, मुले काही विचारतील! विचारू द्यावे. ज्या काळात, ज्या आघाडीवर ते होते, तिथे तो निर्णय त्यांना का योग्य वाटला असेल, यावर मुलांनी भांडावे. तिसरा प्रश्न गौरवाच्या राजकारणाचा. चीनचे नेते भारतभेटीवर आले, की कोटणीस कुटुंबीयांना आवर्जून भेटत आले. आपल्याकडे व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्येच ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला. दोन्ही देशांनी टपाल तिकिटे काढली. यात जिव्हाळाही आहे आणि दोन सरकारांची सोयही आहे. स्मारक कोण, कधी आणि कशासाठी उभारते, हे ओळखायला शिकणे हाही नागरिकत्वाचाच धडा आहे.

संवाद म्हणजे शेवटी एकमत, हा आपला आणखी एक गैरसमज. त्याच १९३८ सालातले दुसरे उदाहरण घ्या. जपानी कवी योने नोगुची हे रवींद्रनाथ ठाकुरांचे स्नेही. चीनवरच्या स्वारीचे समर्थन करणारे पत्र त्यांनी रवींद्रनाथांना लिहिले. रवींद्रनाथांचे जपानवर प्रेम होते, तरी त्यांनी ते समर्थन स्पष्ट शब्दांत नाकारले. पत्रांची देवाणघेवाण झाली, एकमत झाले नाही. मात्र दोघांनी काय मानले आणि का मानले, हे ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनंतरही आपल्याला वाचता येते. ‘विश्वभारती’ उभारणाऱ्या माणसाने मित्राला ‘तुझा देश चुकतो आहे’ असे सांगितले. जगाचा नागरिक होणे म्हणजे सगळ्यांना गोड बोलणे नव्हे.

विश्वभारतीच्या त्या कल्पनेतूनच साने गुरुजींना ‘आंतरभारती’ सुचली. मे १९४७ मध्ये विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी आमच्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, उपोषण केले होते. प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांचे साहित्य वाचावे, हे स्वप्न त्यांनी अखेरच्या काळात मांडले. या दोन गोष्टी मी एकत्र वाचतो. देवळाच्या दारात ज्याला थांबवले आहे त्याच्याशी आधी बोला, मग शेजारच्या प्रांताशी, मग जगाशी. मधली पायरी गाळली, तर जागतिक नागरिकत्व विमानतळापुरते उरते.

सोलापूरला ही पायरी वेगळी बांधावी लागत नाही. १८७७ मध्ये इथे पहिली कापड गिरणी, आपली ‘जुनी मिल’, उभी राहिली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. पूर्व भागातल्या गल्ल्यांत आजही तेलुगू ऐकू येते. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत कन्नड आणि मराठी एकमेकींत मिसळतात, विजापूर वेशीकडे उर्दू. इथे विणलेला टॉवेल परदेशातल्या न्हाणीघरात जातो. म्हणजे यंत्रमागावरच्या कामगाराचे घर जागतिक बाजाराशी कधीचेच बांधलेले आहे. तिकडे मागणी घटली, की इकडे पाळी बंद होते. तरीही ‘ग्लोबल’ हा शब्द आमच्या मुलांना भेटतो तो महागड्या शाळांच्या फलकांवर. इंग्रजी फाडफाड येणारा, पासपोर्ट खिशात असलेला, तो जगाचा नागरिक, असे त्यांच्या मनात बसले आहे. घरात तेलुगू, गल्लीत उर्दू आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या मुलीला तिच्यापाशी आधीच काय आहे, हे कुणी सांगत नाही.

म्हणून परितेवाडीचे मोल. डिसले गुरुजी २००९ मध्ये त्या शाळेत आले तेव्हा गुरांचा गोठा आणि कोठार यांच्यामध्ये दबलेली ती मोडकळीला आलेली इमारत होती. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडसाठी त्यांचे नाव झाले, पण मला महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा ‘लेट्स क्रॉस द बॉर्डर्स’ हा उपक्रम. भारत आणि पाकिस्तान, इस्रायल आणि पॅलेस्टाइन, इराक आणि इराण, अमेरिका आणि उत्तर कोरिया अशा वैराच्या जोड्यांमधल्या मुलांना त्यांनी काही आठवडे एकमेकांशी बोलायला लावले. पुरस्कार देणाऱ्या संस्थेने दिलेल्या माहितीनुसार तोवर आठ देशांतली १९,००० मुले यात सहभागी झाली होती. पुढे दहा लाख डॉलरच्या पुरस्कारातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटली. त्यांत नायजेरियाचे होते, व्हिएतनामच्या होत्या, ब्राझीलच्या होत्या. वर्गात ‘वाटून खावे’ शिकवणाऱ्याने ते करून दाखवले, यापेक्षा वेगळा पाठ कोणता असतो?

या उपक्रमाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. पडद्यावरची मैत्री लवकर जुळते आणि लवकर विझते. वीज, इंटरनेट आणि कामचलाऊ इंग्रजी ज्याच्यापाशी आहे, त्याचाच आवाज पलीकडे पोहोचतो. काही देशांतल्या मुलांना मोकळेपणाने बोलताच येत नाही. आणि एक उत्साही शिक्षक बदलून गेला, की उपक्रम बंद पडतो, हे जिल्हा परिषदेच्या शाळांत वावरलेल्या कुणालाही ठाऊक आहे. कोटणीस जाऊन राहिले होते. पडद्यावरून राहता येत नाही. पण अकरा वर्षांच्या मुलाला आपण चीनला पाठवू शकत नाही. त्याला पलीकडच्या मुलाचा चेहरा दाखवू शकतो आणि ‘तू काय जेवलास?’ इथपासून ‘तुझ्या पुस्तकात आमच्याबद्दल काय लिहिले आहे?’ इथपर्यंत विचारायला शिकवू शकतो.

मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यातल्या सव्विसाव्या कलमाने शिक्षणावर राष्ट्राराष्ट्रांत समजूत आणि मैत्री वाढवण्याची जबाबदारी टाकली. २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत जागतिक नागरिकत्वाचा वेगळा उल्लेख आला, आपल्या धोरणात तो २०२० मध्ये आला. कागद पुरेसे झाले आहेत. सोलापूरपुरते बोलायचे, तर जागाही आहे. भैय्या चौकात कोटणिसांच्या घरी त्यांचे स्मारक आहे. ९ डिसेंबरला तिथे हार घातला जावा, जरूर घातला जावा. त्यानंतर खुर्च्या गोल मांडून नववी-दहावीच्या तीसेक मुलांना तासभर बसवावे. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, ज्याला ज्या भाषेत जमेल त्या भाषेत त्याने बोलावे. शेजारच्याने भाषांतर करून सांगावे. मोठ्यांनी भाषण करू नये. प्रश्न एकच द्यावा: के दिहुआ कुणाचा?

कुणी म्हणेल आपला, कुणी म्हणेल त्यांचा. कुणी गलवानमध्ये पडलेल्या जवानांची आठवण काढेल, ती काढलीच पाहिजे. कुणी विचारेल, की त्यांच्या बायकोने, गुओ छिंगलानने, पुढची सत्तर वर्षे काय केले. ती २०१२ मध्ये गेली, हेही त्या निमित्ताने मुलांना कळेल. शिज्याझुआंगच्या त्या शाळेत नवे विद्यार्थी के दिहुआंच्या पुतळ्यापुढे शपथ घेतात. त्यांच्यातल्या कुणाला हाच प्रश्न इकडच्या मुलांनी चिठ्ठी लिहून विचारावा. उत्तर येईल, न येईल. चिठ्ठीच्या वर पत्ता त्यांच्या लिपीत लिहायला मात्र शिकावे लागेल, आणि कोटणिसांची सुरुवातही तिथूनच झाली होती.