मडक्यातला खपली

परवा नात पुण्याहून आली ती दोन किलो पिठाची पिशवी घेऊन. "आजी, हे खपली गव्हाचं पीठ. हल्ली सगळे हेच खातात, तुला माहीत आहे का?" मला हसूच आलं. जो गहू आमच्या रानात होता आणि आमच्याच हातून गेला, तो आता विकत आणायचा! पण त्या रात्री झोप नीट लागली नाही, म्हणून हे लिहायला बसले.

माझं माहेर सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी. आबा दरवर्षी चार वाफे खपली पेरायचे. या गव्हाचं टरफल दाण्याला घट्ट धरून असतं. नुसत्या मळणीने ते निघत नाही, उखळात सडावं लागतं. आई आणि काकू समोरासमोर उभ्या राहून मुसळं चालवायच्या. जत्रेला त्याची गूळ घालून खीर व्हायची. चव अशी की विचारू नका, पण उत्पन्न बेताचं.

मग १९६५-६६ चा दुष्काळ आला. रेशनवर अमेरिकेचा गहू आणि तो लाल मिलो. माझ्या वयाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. १९६६ साली सरकारने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचं बियाणं आणलं. पाठोपाठ कल्याणसोना आणि सोनालिका आले. देशात १९६४-६५ साली १ कोटी २३ लाख टन गहू पिकला होता, तो १९६७-६८ साली १ कोटी ६५ लाखांवर गेला.

हे घडलं कशाने? बुटकेपणाने! जुना गहू उंच. त्याला खत जास्त घातलं की कणीस जड होऊन तो लोळायचा. जपानमध्ये इनाझुका नावाच्या संशोधकाने १९३५ साली 'नोरिन १०' हा जेमतेम दोन फुटी गहू तयार केला होता. महायुद्धानंतर, १९४६ साली, सॅल्मन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्याचं बी मायदेशी नेलं. तिथे व्होगेल यांनी त्याचा संकर केला आणि पुढे मेक्सिकोत बोरलॉग यांनी. वाढीचा जो रस झाडाला 'उंच हो' म्हणून सांगतो, त्याचं हे बुटकं झाड फारसं ऐकत नाही. मग खाल्लेलं खत काडाऐवजी दाण्यात जातं. बारकासा बदल, पण त्याने कोट्यवधी पोटं भरली.

आबांनीही खपली सोडला. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. घरात खाणारी तोंडं अकरा होती. आईने मात्र थोडं बी राख घालून मडक्यात जपलं होतं. दोन वर्षं ते पेरलं गेलं नाही. तिसऱ्या वर्षी जत्रेला तिने त्याची खीर केली. आम्ही वाटी चाटूनपुसून खाल्ली. शेवटची आहे हे कुणाच्या मनातही आलं नाही.

पुढे मी शिक्षिका झाले. हरितक्रांतीचे फायदे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून दिले. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "बाई, मग जुना गहू कुठे गेला?" मी म्हटलं, "ते परीक्षेला नाही. खाली बस."

त्याचं उत्तर मला फार उशिरा कळलं. १९५३ आणि १९५४ साली अमेरिकेत उत्तर डाकोटात, आपल्या बन्सीसारख्या गव्हावर खोडाचा तांबेरा पडला आणि निम्म्याहून जास्त पीक गेलं. तेव्हा तिथल्या संशोधकांच्या कामी आला तो भारतातून नेलेला खपली! १९५६ साली आलेल्या 'लँगडन' या वाणाच्या घराण्यात तो आहे. १९९८ साली युगांडात तांबेऱ्याची नवी भयंकर जात सापडली. तिच्याशी झुंजणाऱ्या जनुकांपैकी एक खपलीतही आहे. २०१७ साली शास्त्रज्ञांनी ते नेमकं हुडकून काढलं. आणि आमचा लाडका कल्याणसोना? सगळीकडे तोच पेरला गेला, आणि काही वर्षांतच त्याला तांबेऱ्याने गाठलं. घरातले सगळे एकाच वळणाचे असले की एकाला झालेला आजार सगळ्यांना होतो, तसंच हे.

इंग्लंडमध्ये वॉटकिन्स नावाच्या गृहस्थांनी १९२०-३० च्या दशकांत ३२ देशांतले गहू गोळा केले. त्यातले ८२७ वाण आजही जपून ठेवलेले आहेत, आपल्याकडचेही. २०२४ साली त्यांची तपासणी छापून आली. त्या जुन्या गव्हांचे सात गट पडतात, आणि आजचे सुधारित गहू त्यातल्या जेमतेम दोन गटांतून आलेले आहेत! बाकीचे पाच तसेच पडून. उन्हाशी, रोगांशी लढायचं बळ त्यांच्यातही असणार.

तेव्हा, बाळा, तू जिथे असशील तिथे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. थोडा जुना गहू परदेशातल्या कपाटांत गेला, थोडा हट्टी शेतकऱ्यांच्या वाफ्यांत राहिला, आणि थोडा आम्ही खाऊन टाकला. तुला खाली बसवलं, त्याचं वाईट वाटतं.

असो. नातेवाईक मंडळींना एक विनंती. गावाकडे कुणाच्या कणगीत, मडक्यात जुनं बी असेल तर ते दळू नका. या रब्बीत निदान एक वाफा पेरा, आणि मूठभर मलाही पाठवा. गच्चीवर दोन कुंड्या रिकाम्या आहेत.